पुराव्याचे ओझे

तलासरीच्या पाड्यावरचा वारली आणि बोईसरच्या खैरापाड्यात एका खोलीत पाच-सहा जणांसोबत राहणारा बिहारी किंवा ओडिया कामगार यांच्यात वरवर पाहता साम्य काहीच नाही. एक या मातीतला मूळ रहिवासी, दुसरा पोटासाठी आलेला परमुलखातला. तरीही पालघर, डहाणू आणि बोईसर-तारापूर या पट्ट्याचा गेल्या ऐंशी वर्षांचा इतिहास एकत्र मांडला, तर हे दोघे एकाच रांगेत उभे दिसतात. दोघांच्याही बाबतीत कायदा आधीपासून होता, दोघांच्याही वाट्याला तो आला नाही, आणि मागायला गेले तेव्हा समोर आधी पोलीस उभे राहिले. असे का घडते, याचे माझे उत्तर असे की या पट्ट्यात पुराव्याचे ओझे नेहमी ज्याच्याकडे कागद नाही त्याच्याच डोक्यावर ठेवले गेले. आपल्यावर सक्ती होते हे वेठबिगाराने सिद्ध करायचे, जमीन आपण कसतो हे कुळाने, जमाव शांत होता हे गोळी खाणाऱ्याने आणि आपण परदेशी नाही हे मजुराने. दडपशाही पोसली जाते ती यावर. इथल्या चळवळींची खरी कमाई मोर्च्यांच्या आकड्यांत मोजता येणार नाही. ती मोजावी लागते हे ओझे दुबळ्याच्या डोक्यावरून किती उतरले यावर.

सुरुवात कायद्यापासूनच करू. १८६० च्या भारतीय दंड संहितेत ३७४ वे कलम होते. एखाद्या माणसाकडून त्याच्या इच्छेविरुद्ध बेकायदा काम करून घेणे हा त्या कलमाने गुन्हा होता आणि त्याला एक वर्षापर्यंत कैदेची शिक्षा होती. म्हणजे उंबरगाव-डहाणूच्या जमीनदारांनी वारल्यांकडून घेतलेली वेठ ही पुढे कधीतरी बेकायदा ठरलेली रूढी नव्हती. ती पहिल्यापासून गुन्हाच होती. कुळाने स्वतःचा नांगर आणि बैल घेऊन आधी मालकाचे शेत नांगरायचे, मग उरलेल्या पावसात स्वतःचे. लग्नासाठी थोडे पैसे उचलले की तो तरुण 'लग्नगडी' व्हायचा, आणि त्याच्यासोबत त्याची बायकोही मालकाच्या घरी राबायला जायची. हिशेबाची वही मालकाकडे, अक्षरओळखही मालकालाच, त्यामुळे कर्ज फिटले की नाही हे ठरवणारा तोच. हे सरकारला ठाऊक नव्हते असे म्हणायलाही जागा नाही. मुंबई सरकारचे सनदी अधिकारी सिमिंग्टन यांनी आदिवासी भागांवरचा अहवाल दिला, तो १९३९ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यात ठाणे जिल्ह्यातली वेठ, मारहाण आणि लग्नगड्यांची गुलामी स्पष्ट शब्दांत नोंदलेली आहे. कायदा होता, गुन्ह्याची सरकारी नोंदही होती. नव्हते ते एवढेच, की तक्रार घेऊन येणाऱ्या वारल्याचा शब्द मालकाच्या वहीपुढे टिकेल अशी व्यवस्था.

ही कोंडी १९४५ साली फुटली. त्या वर्षी जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली आणि उंबरगाव तालुक्यातून माह्या धांगडा यांच्यासह काही वारली तिथे पोचले. त्यानंतर किसान सभेचे नेते गोदावरी आणि शामराव परुळेकर या भागात आले. २३ मे १९४५ रोजी झरी गावात हजारो वारल्यांची परिषद झाली आणि तिने ठरवले की वेठ द्यायची नाही, लग्नगडी राहायचे नाही, मजुरी रोख घ्यायची. या ठरावात नवा कायदा एकही मागितलेला नव्हता. जो गुन्हा सरकारी दप्तरात लिहिलेला होता, त्यात भागीदार व्हायला नकार एवढाच त्याचा अर्थ होता. पुढची लढाई गवताची. या भागातल्या वरकस जमिनींवरचे गवत मुंबईच्या तबेल्यांना जाई. पावसाळा सरला की ते ठरावीक दिवसांतच कापावे लागते. उशीर झाला तर वाळून वाया जाते. मजुरी आणे-दोन आणे पडायची. किसान सभेच्या लाल बावट्याने संप पुकारून दर मागितला, पाचशे पौंड गवताला अडीच रुपये. मागणी अशी की तिचा हिशेब कोणालाही तराजूवर करता यावा. 'माणसासारखे वागवा' ही विनंती मालक कानांआड करू शकत होता, पण पाचशे पौंडांचा भाव ठरल्यावर त्याला तोलून द्यावे लागणार होते. निरक्षर माणसाने पुरावा स्वतःच्या हाती घेतल्याचे या पट्ट्यातले हे पहिले मोठे उदाहरण आहे, आणि मालकवर्ग बिथरला तो याच संपाने.

१० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्यात जे घडले ते या संदर्भात पाहायला हवे. गोदाराणी (गोदावरी परुळेकर) येणार आहे, तिच्या जिवाला धोका आहे, सर्वांनी जमा व्हावे, अशी आवई पाड्यापाड्यांवर उठवली गेली. हजारो वारली काठ्या-कोयते घेऊन जमले. पोलिसांना सांगण्यात आले की हा हल्ल्याच्या तयारीतला जमाव आहे. गोळीबार सुरू झाला आणि थांबून थांबून दुसऱ्या दिवसापर्यंत चालला. जेठ्या गांगड आणि त्याचे साथी, असे पाच जण मारले गेले. लोक पांगले ते किसान सभेचे निरोपे लाल बावटा घेऊन पोचल्यावर आणि परत जायला सांगितल्यावर. इथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. इतका मोठा, हत्यारबंद जमाव समोर असताना मूठभर पोलिसांनी करायचे काय? आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. पण कोयता हे त्या हंगामात प्रत्येक वारल्याच्या कमरेला असणारे रोजच्या कामाचे साधन होते, आणि एवढ्या मोठ्या जमावाने इतके तास गोळ्या झेलूनही एकाही मालकाचा किंवा पोलिसाचा जीव घेतला नाही. हल्ला करायला आलेली गर्दी अशी वागत नाही. तरीही गोळीबारानंतर शांततेचा पुरावा मागितला गेला तो वारल्यांकडेच. आवई कोणी उठवली, याचा जाब मात्र कोणाला द्यावा लागला नाही.

हे सारे परकीय राजवटीत घडले, म्हणून तिच्या माथी मारून मोकळे होता आले असते. या पट्ट्याला तशा गोळीबाराचीही ओळख आहे. १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघरमध्ये पोलिसांच्या गोळ्यांना पाच जण बळी पडले, आणि पाचबत्तीचे हुतात्मा स्मारक त्यांच्याच नावाचे आहे. पागधरे, ठाकूर, मोरे, चुरी आणि तिवारी अशी ती पाच आडनावे आहेत. इथला कोण आणि बाहेरचा कोण याचा हिशेब त्या दिवशी कोणी मांडला नाही, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पण १९४६ साली मुंबई प्रांतात लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले, मोरारजी देसाई गृहमंत्री झाले, आणि वारल्यांच्या वाट्याला आलेली रीत बदलली नाही. जंगलतोडीच्या मजुरांनी दिवसाला सव्वा रुपया मागितला, संप झाला, आणि परुळेकरांसह कार्यकर्त्यांना जिल्ह्यातून तडीपार केले गेले. जानेवारी १९४७ मध्ये पालघर तालुक्यातल्या नानिवली गावी पुन्हा गोळीबार झाला आणि पुन्हा माणसे मेली. तडीपारीचे हत्यार नीट पाहिले पाहिजे. त्यात आरोप न्यायालयात सिद्ध करावा लागत नाही. प्रशासनाचे समाधान पुरते आणि आपण निरुपद्रवी आहोत हे हद्दपार झालेल्या माणसाने बाहेर राहून पटवायचे. मालकाच्या वहीमागे जो तर्क होता, तोच इथे सरकारी शिक्क्यासह आला. राज्यकर्ते बदलून हा प्रश्न सुटणार नव्हता, कारण तो राज्यकर्त्यांच्या स्वभावाचा नव्हताच. शब्द कोणाचा ग्राह्य धरायचा याच्या रचनेचा तो प्रश्न होता.

स्वातंत्र्यानंतर कायदे आले आणि चांगले आले. १९४८ चा कूळकायदा झाला, पुढे १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला आणि कसणाऱ्याला जमिनीची मालकी देण्याची तरतूद झाली. पण कसणारा कोण, हे तलाठ्याच्या दप्तरावरून ठरायचे, आणि अनेक कुळांची नावे त्या दप्तरात कधी चढलीच नव्हती. जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसूनही ते कागदावर परके राहिले. ही फसवणूक उलगडत गेली ती १९७० च्या भूमिमुक्ती आंदोलनानंतर. त्या आंदोलनात तुरुंगात गेलेल्या पालघर तालुक्यातल्या आदिवासी तरुणांनी, काळूराम धोदडे यांच्या पुढाकाराने, भूमिसेना उभी केली. आदिवासींच्या जमिनी परत मिळवून देणारा कायदा राज्याने १९७४ साली केला, वेठबिगारी निर्मूलनाचा केंद्रीय कायदा १९७६ साली झाला. भूमिसेनेने, १९७८ साली डहाणू भागात सुरू झालेल्या कष्टकरी संघटनेने आणि १९८२ पासून वसई तालुक्यात विवेक व विद्युल्लता पंडित यांनी उभारलेल्या श्रमजीवी संघटनेने या कायद्यांचे कागद पाड्यांवर नेले. तिघांच्या विचारधारा वेगळ्या, पण काम करण्याची रीत बरीच सारखी : कायदा वाचून दाखवायचा, अर्ज लिहायचा, तहसीलदाराच्या दारात बसायचे आणि मुक्तीचा दाखला हातात पडेपर्यंत उठायचे नाही. या दाखल्यासाठी धरणे धरणाऱ्यांना शांतताभंगाच्या नोटिसा, अटक आणि तुरुंग सोसावे लागले. ज्यांच्यावर कायदा मोडल्याचा ठपका आला, ते कायद्याच्याच अंमलबजावणीसाठी बसलेले होते.

याच काळात ओझे सरकायला लागले. १९७६ च्या कायद्याचे पंधरावे कलम म्हणते की एखादे कर्ज वेठबिगारीचे आहे असा दावा मजुराने केला, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी सावकाराची. शंभर वर्षे मालकाच्या वहीत कैद असलेला माणूस एका कलमाने त्या वहीतून सुटला. १९८२ साली आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करून घेणे हीसुद्धा घटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने निषिद्ध ठरवलेली सक्तीची मजुरीच आहे, कारण भूक हीदेखील सक्तीच असते. वनजमिनींचे उदाहरण तर थेट या जिल्ह्याचे. जंगलखात्याने 'अतिक्रमण' म्हणून दंड लावायचा आणि पावती द्यायची नाही, मग जुन्या वहिवाटीचा पुरावा म्हणून तीच पावती मागायची, हा खेळ वर्षानुवर्षे चालला. कष्टकरी संघटनेचे प्रदीप प्रभू यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दाव्यांच्या फेरतपासणीचा आदेश दिला आणि कागदाखेरीज इतर पुरावाही विचारात घेण्याची वाट मोकळी झाली. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत गावातल्या वृद्धांची साक्ष हा पुरावा म्हणून मान्य झाला. ज्या म्हाताऱ्या वारल्याचा शब्द १९३९ साली कोणी धरला नव्हता, त्याचा शब्द आता सरकारी फाइलीत ग्राह्य ठरतो. गोळीबारांच्या आणि तडीपारीच्या इतिहासातून निघालेले हे सगळ्यात टिकाऊ फळ आहे.

आता बोईसर-तारापूरकडे वळू. १९६९ साली तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले, सत्तरच्या दशकात औद्योगिक वसाहत वाढू लागली, आणि रसायने, औषधे, कापड, पोलाद यांच्या कारखान्यांभोवती सरावली, सालवड, कुंभवलीच्या शेतांत चाळी उभ्या राहिल्या. कामगार आले उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशा, बंगालमधून, आणि बहुतेक ठेकेदारामार्फत. त्यांच्यासाठीही कायदा तयार होता. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने मूळ मालकाला नोंदणी आणि ठेकेदाराला परवाना बंधनकारक केला, प्रत्येक कामगाराला फोटोसह पासबुक, गावाहून येण्याजाण्याचा खर्च, विस्थापन भत्ता आणि त्याच कामाला स्थानिकाइतकीच मजुरी देण्याचे बंधन घातले. पासबुक ही सगळ्यात साधी तरतूद, आणि सगळ्यात कमी पाळली गेलेली. कारखान्याच्या गेटवर ठेकेदाराचा मुकादम हजेरी मांडतो. ठेकेदार बदलला की कामगार तोच राहतो पण नोकरी 'नवी' होते, आणि दहा वर्षांच्या कष्टाची नोंद कुठेच उरत नाही. या वसाहतीत स्फोट होतात, माणसे मरतात. ८ मार्च २०१८ ची रात्र आणि ११ जानेवारी २०२० ची संध्याकाळ बोईसरकर विसरलेले नाहीत. नुकसानभरपाईच्या दाव्यात पहिला प्रश्न येतो तो मेलेला माणूस या कारखान्याचा कामगार होता याला पुरावा काय हा. त्याचे उत्तर मालकाच्या आणि ठेकेदाराच्या दप्तरात असते, आणि ते मागितले जाते त्याच्या गावाकडून आलेल्या विधवेकडे.

मार्च २०२० ची टाळेबंदी हा याच व्यवस्थेचा जाहीर पंचनामा होता. कायदा पाळला गेला असता तर किती कामगार कोणत्या राज्यातून आले याचा ताळा एका दिवसात लागला असता. तसा तो देशात कुठेच लागला नाही. श्रमिक गाड्या सुटू लागल्या तेव्हा घरी जायचे तर पोलीस ठाण्यात अर्ज आणि डॉक्टरचा दाखला आणावा लागला; रांगा कामगार खात्याच्या दारात नव्हे, तर ठाण्याच्या दारात लागल्या. वाटेत किती मजूर मेले याची माहिती ठेवलेली नाही, असे केंद्र सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये लोकसभेत सांगितले. त्याच वर्षी संमत झालेल्या नव्या श्रमसंहितेत १९७९ चा कायदा मिसळला गेला आणि ठेकेदारावर बंधने लागू होण्याची मर्यादा पाच कामगारांवरून दहावर गेली. बंगाली बोलणाऱ्या मजुराची अवस्था याहून कठीण. परकीय नागरिकांविषयीच्या १९४६ च्या कायद्यापासून आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचा भार ज्याच्यावर संशय आहे त्याच्यावरच आहे. २०२५ साली महाराष्ट्रात पकडलेल्या पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून सीमेपार ढकलले गेले आणि नंतर परत आणावे लागले. पासबुक खिशात असते, ठेकेदाराच्या नोंदीत गावाचा पत्ता असता, तर ही वेळ आली असती का? नोंद नाकारण्याचा फायदा एकाला मिळतो आणि शिक्षा दुसऱ्याला होते.

यावरचा सगळ्यात मोठा आक्षेप भूमिपुत्रांचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. उद्योगांत ८० टक्के स्थानिक घ्यावेत हा शासनाचा जुना दंडक असताना, ज्यांच्या जमिनी गेल्या त्या गावांतली पोरे बेकार फिरतात आणि परप्रांतीयाच्या हक्कांची चर्चा कशाला, असे विचारले जाते. वेदना खरी आहे. जव्हार-मोखाड्याचा आदिवासी दिवाळीनंतर उचल घेऊन वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर जातो, हेही तितकेच खरे. पण ठेकेदार बाहेरचा मजूर पसंत करतो तो प्रांतप्रेमापोटी नाही. त्या मजुराची नोंद नसते, तो बारा तास राबतो आणि तक्रार करू शकत नाही म्हणून. समान कामाला समान मजुरीचे कलम खरोखर पाळले गेले, तर बाहेरचा मजूर स्वस्त पडण्याचे कारणच संपते. कॅलिफोर्नियात हा धडा फार पूर्वी शिकला गेला. १९६५ साली डेलानोच्या द्राक्षमळ्यांत संप पुकारला फिलिपिनो मजुरांनी. एका गटाचा संप दुसऱ्या गटाकडून फोडून घेण्याची मळेवाल्यांची जुनी रीत होती. सीझर चावेझ आणि डोलोरेस हुएर्ता यांच्या मेक्सिकन मजुरांनी त्या वेळी संपात सामील होऊन ती मोडली. तिथल्या मेक्सिकन वंशाच्या अनेकांचा प्रदेश १८४८ च्या तहाने अमेरिकेत गेला होता. माणसे जागची हलली नव्हती, तरी परकी ठरली, जसा जंगल राखीव होताच आमचा वारली स्वतःच्या रानात अतिक्रमक ठरला. २९ ऑगस्ट १९७० रोजी लॉस एंजेलिसमधल्या त्यांच्या मोर्च्यावर पोलीस तुटून पडले आणि पत्रकार रुबेन सालाझार अश्रुधुराच्या नळकांडीने मारले गेले. आणि १९७९ साली त्याच शहराच्या पोलिसांनी आदेश काढला की केवळ स्थलांतराचा दर्जा शोधण्यासाठी पोलिसांनी कोणावर कारवाई सुरू करायची नाही. तिथेही चळवळीने मिळवलेली महत्त्वाची गोष्ट हीच होती, की रस्त्यात उभ्या असलेल्या माणसाने स्वतःचे असणे सिद्ध करत बसायचे नाही.

दुसरा आक्षेप जमावाचा. १६ एप्रिल २०२० रोजी याच जिल्ह्यातल्या गडचिंचले येथे चोर-अपहरणाच्या अफवेने पेटलेल्या जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक यांची पोलिसांच्या देखत हत्या केली. अशा जिल्ह्यात पोलिसांचा हात ढिला करायचा का, असे कोणी विचारले तर त्याला रागाने उत्तर देऊन चालणार नाही. त्या हत्येचे समर्थन कोणत्याही अन्यायाच्या इतिहासाने होत नाही. पण तलवाडा आणि गडचिंचले शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे अफवा होती. तलवाड्याच्या जमावाला संघटना होती, ज्यांचा शब्द ऐकावा असे नेते होते, आणि निरोप पोचताच हजारो लोक घरी परतले. गडचिंचल्यात त्या रात्री तसा शब्द टाकणारे कोणी उरले नव्हते. जिथे संघटना तडीपार केल्या जातात, तिथे मागे उरते ती शिस्त नव्हे, नुसती गर्दी. ज्याला खरोखर सुव्यवस्था हवी आहे, त्याने वारल्यांची किसान सभा आणि कामगारांची युनियन यांना शत्रू मानण्याचे कारणच नाही.

म्हणून बोईसरच्या कामगारांसाठी आज मागायचे ते फार नवे नाही. ठेकेदाराची नोंद नसेल तर कामगार मूळ कारखान्याचाच धरावा, आणि तो तसा नाही हे कारखान्याने सिद्ध करावे. पासबुक दिले नसेल तर कामगाराने सांगितलेली नोकरीची वर्षे खरी धरावीत, जशी वनहक्कात वृद्धाची साक्ष ग्राह्य धरली जाते. संशयावरून उचललेल्या मजुराला देशाबाहेर घालवण्याआधी त्याच्या गावच्या प्रशासनाकडून उत्तर मागवण्याची जबाबदारी पोलिसांची असावी. यातले प्रत्येक तत्त्व या जिल्ह्याच्या लढ्यांनी कुठल्या ना कुठल्या कायद्यात आधीच लिहून घेतले आहे. आदिवासींनी त्याची किंमत तलवाड्याला आणि नानिवलीला मोजली. ते तत्त्व फक्त मूळ रहिवाशांपुरते आहे असे आपण म्हणू लागलो, तर उद्या वीटभट्टीवर गेलेल्या जव्हारच्या कातकऱ्यालाही ते नाकारले जाईल, कारण भिवंडीच्या भट्टीवर तोही परकाच असतो.